भारतीय माणसांची शालेय ओळख

शाळांच्या भिंतींवर ‘भारतातील लोक’ असा एक तक्ता पुष्कळदा दिसतो. स्त्री-पुरुषांच्या जोड्या ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येक जोडीखाली राज्याचे नाव असते. पंजाबची जोडी पगडी आणि सलवार-कमीज घातलेली, आसामच्या बाईच्या अंगावर मेखला-चादर, महाराष्ट्राच्या वाट्याला फेटा, नऊवारी आणि नथ. ही सगळी माणसे सणाच्या कपड्यांत असतात आणि त्यांच्या हातात कोणतेही काम नसते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपल्या देशबांधवांची पहिली ओळख बहुधा या तक्त्यातून होते. स्नेहसंमेलनातल्या वेशभूषेच्या कार्यक्रमात ती पक्की होते आणि परीक्षेत ‘जोड्या लावा’ या प्रश्नात तिचे गुण मिळतात. ओणम केरळचा, बिहू आसामचा, पोंगल तमिळनाडूचा, इतके पाठ झाले की देश कळला असे धरले जाते.

या ओळखीतून मुलाला एक चुकीची गोष्ट नकळत शिकवली जाते: प्रत्येक राज्यात एकाच प्रकारची माणसे राहतात. तक्त्यातल्या महाराष्ट्राच्या जोडीत इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार बसत नाही, मेळघाटातली कोरकू आई बसत नाही आणि मुंबईच्या लोकलने कामाला जाणारी परिचारिकाही बसत नाही. तक्ता पाहणाऱ्या मुलाचे स्वतःचे आई-वडीलही त्यात बहुधा नसतात. ज्या चित्रात मुलाला आपले घर सापडत नाही, त्या चित्रावरून त्याने दूरच्या माणसांची घरे ओळखावीत ही अपेक्षा अवास्तव आहे.

देशाचा आवाका एवढा आहे की यादी करून तो मुलांपुढे ठेवता येणारच नाही. 2011च्या जनगणनेत 121 कोटी माणसे मोजली गेली आणि त्यांतली जवळजवळ 69 टक्के ग्रामीण भागात राहणारी होती. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण या संस्थेने 1985मध्ये कुमार सुरेश सिंह यांच्या मार्गदर्शनाखाली ‘पीपल ऑफ इंडिया’ हा प्रकल्प हाती घेतला. त्यात देशभरातल्या 4,635 समाजांची नोंद झाली. राज्यांच्या तीस-पस्तीस जोड्या शेजारी ठेवून ही संख्या वाचली की तक्त्यात किती माणसे गाळली गेली याचा अंदाज येतो. म्हणून मुलांच्या हाती यादीऐवजी प्रश्न विचारण्याची पद्धत द्यावी लागते. हे लोक काय खातात, पाणी कुठून आणतात, घरातले काम कोण करते, कोणाला कोण लागते, वर्ष कधी सुरू होते, असे साधे प्रश्न. हे प्रश्न आधी स्वतःच्या घरी विचारायचे आणि मग तेच दूरच्या माणसाला.

मराठीत या पद्धतीला जुनी परंपरा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातल्या नोकरीमुळे त्यांना खेडी आतून पाहायला मिळाली होती. कुळे, वतनदार, बलुतेदार, आलुतेदार, फिरस्ते या सर्वांचे देणे-घेणे त्यांनी बारकाईने नोंदवले. सुताराला खळ्यावर किती मिळते, महाराकडून कोणती कामे करून घेतली जातात, गावात कोण कोणाच्या जिवावर जगते, हे सारे त्या पुस्तकात आहे. आत्र्यांची काही मते आज मान्य होणार नाहीत. फिरस्त्या जमातींबद्दलचे त्यांचे शब्द तर बोचतात. पण गावाकडे कामाच्या अंगाने पाहण्याची त्यांची रीत आजही शिकण्यासारखी आहे. पुढे नारायण गोविंद चापेकर यांनी ‘बदलापूर’ या पुस्तकात एका गावाचीच इत्थंभूत माहिती दिली. घरे, धंदे, खाणेपिणे, चालीरीती, बोली, सगळे आपल्याच गावचे. स्वतःचे गाव हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हा विश्वास त्या पुस्तकामागे आहे. शाळेतल्या मुलाला सर्वांत आधी हाच विश्वास मिळायला हवा.

सुरुवात ताटापासून करणे सोपे जाते, कारण या विषयात प्रत्येक मूल जाणकार असते. महाराष्ट्रातल्या वर्गात उपवासाची साबुदाण्याची खिचडी ठाऊक नसलेले मूल क्वचितच सापडेल. ती एक वाटी वर्गात ठेवावी आणि तिच्यातला एकेक जिन्नस वेगळा काढावा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, जिरे, तूप, मीठ. यांतला साबुदाणा टॅपिओका नावाच्या कंदापासून होतो आणि ते झाड मूळ दक्षिण अमेरिकेतले. भुईमूग तिकडचाच, बटाटाही तिकडचा आणि मिरचीसुद्धा अमेरिका खंडातूनच आलेली. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ही पिके भारताच्या किनाऱ्याला लागली आणि हळूहळू रुजली. म्हणजे एकादशीला अत्यंत शुद्ध मानून खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थातले मुख्य चार जिन्नस ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी या देशात नव्हतेच. मुलांना हे सांगितल्याने त्यांच्या श्रद्धेला धक्का बसत नाही. संस्कृती बाहेरचे घेते आणि ते आपलेसे करते, हे त्यांना व्याख्येशिवाय कळते.

त्याच वाटीत दुसराही धडा आहे. भारतात साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या परिसरात तयार होतो. पूर्वी तो आग्नेय आशियातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि सेलमला हा धंदा उभा राहिला. शेतातून आलेले कंद सोलतात, धुतात, किसून त्यांचा चीक काढतात आणि तो हौदात निवळू देतात. तळाशी बसलेल्या पिठाचे हलवून हलवून गोल दाणे करतात, ते तव्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. जिथे हे काम होते तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणात साबुदाण्याला महाराष्ट्रातल्यासारखे स्थान नाही. त्यांचे गिऱ्हाईक दूर महाराष्ट्रात आषाढी, श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र पाळत बसलेले. तमिळनाडूच्या माणसाची ओळख लुंगी आणि इडलीवरून करून देण्यापेक्षा ही ओळख जास्त खरी आहे, कारण तिच्यात त्या माणसाच्या हातचे काम दिसते आणि त्याच्याशी मुलाचे रोजचे नाते दिसते.

रोजच्या भाकरीची गोष्ट पावसाशी बांधलेली आहे. सातारा जिल्ह्याचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. पश्चिमेकडच्या घाटमाथ्यावर भात आणि नाचणी, पूर्वेकडे ज्वारी आणि बाजरी, हा फरक जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवून दाखवता येतो. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि पलीकडे कोरडा वारा पोहोचतो, एवढे कळले की कोकणातल्या माणसाचे ताट भाताचे आणि सोलापूरच्या माणसाचे भाकरीचे का, हे पाठ करावे लागत नाही. घरांचेही तसेच. कोकणात उतरती कौले आणि जांभ्या दगडाच्या भिंती, तर सोलापूर-मराठवाड्याकडे जुनी माळवदाची घरे. पावसाचे पाणी झटपट ओघळून जावे म्हणून छपराला उतार. जिथे पाऊस बेताचाच, तिथे सपाट धाबे परवडते आणि उन्हाळ्याच्या रात्री झोपायलाही उपयोगी पडते. हीच नजर पुढे देशभर नेता येते. ब्रह्मपुत्रेच्या पुराच्या पट्ट्यात मिसिंग समाजाची घरे बांबूच्या खांबांवर उंच उभारलेली असतात. सातारा समजलेल्या मुलाला ती घरे विचित्र वाटत नाहीत. पाण्याला दिलेले उत्तर म्हणून तो त्यांच्याकडे पाहतो.

दुष्काळाचा विषय आला की वर्गाबाहेरचे शिक्षक मदतीला येतात. 1972चा दुष्काळ पाहिलेले आजी-आजोबा अजून पुष्कळ घरांत आहेत. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे हे त्यांच्या बोलण्यात हमखास येते. त्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकाराला आली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 2005मध्ये साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव हाताशी होता. मुलाने आजीला दुष्काळाबद्दल विचारणे आणि त्या उत्तराला देशाच्या कायद्याशी जोडणे, हा नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ आहे.

दिनदर्शिका हे प्रत्येक घरात खिळ्याला टांगलेले पाठ्यपुस्तक आहे. महाराष्ट्रात चांद्रमास अमावास्येला संपतो, उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे उत्तरेकडचा श्रावण महाराष्ट्रातल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. नाशिक किंवा पुण्याच्या वर्गात उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबाचे मूल असते आणि त्याच्या घरचे श्रावणी सोमवार शेजारच्या मराठी घराआधी चालू झालेले असतात. यात कोणाचे चुकले हा प्रश्न मुले विचारतातच. कोणाचेच चुकलेले नसते. दोघांचा चंद्र एक, तिथी एक, फक्त महिन्याची हद्द वेगळी. कृष्णजन्म महाराष्ट्रात श्रावण वद्य अष्टमीला आणि उत्तरेत भाद्रपद कृष्ण अष्टमीला म्हणतात, पण तो दिवस एकच असतो. गुढीपाडवा आणि आंध्र-कर्नाटकातला उगादी एकाच दिवशी येतात. गुजराती व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवे वर्ष धरतो. तमिळ, बंगाली, आसामी आणि पंजाबी वर्षारंभ सूर्याच्या गणितावर एप्रिलच्या मध्यात येतात. हिजरी वर्ष निव्वळ चंद्रावर चालते म्हणून ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. भारत सरकारने 22 मार्च 1957पासून शकावर आधारित राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली आहे. आकाशवाणीच्या आणि राजपत्राच्या बाहेर ती फारशी दिसत नाही, तरी वर्गात तिची तारीख रोज फळ्यावर लिहायला काहीच हरकत नाही. सण पाठ करण्यापेक्षा सण त्या दिवशी का येतो हे कळणे मुलांना अधिक रंजक वाटते, असा अनुभव शिक्षकांनी घेऊन पाहावा.

नात्यागोत्याचा विषय पाठ्यपुस्तकांत ‘माझे कुटुंब’ या एका चित्रावर आटोपतो: आई, वडील, दोन मुले, फार तर आजी-आजोबा. इरावती कर्वे यांनी या विषयावर भारतभर हिंडून काम केले आणि 1953 साली भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. उत्तर भारतात पुष्कळ समाजांत मुलगी दूरच्या गावी, अनोळखी घरात द्यायची पद्धत आहे. जवळच्या नात्यात लग्न तिथे निषिद्ध. दक्षिणेत मात्र मामाशी, मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होते आणि मुलगी आपल्याच माणसांत राहते. महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या सीमेवर आहे. इथे कित्येक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. परक्या घरात गेलेल्या नव्या नवरीचा घुंगट, सासरी वावरताना तिच्यावर असलेली बंधने, माहेरच्या ओढीची लोकगीते हे सारे या रचनेतून उलगडत जाते. बालवयात एवढे खोलात जायची गरज नाही. वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या घरातल्या नात्यांचा वंशवृक्ष काढावा, आईकडची माणसे आणि वडिलांकडची माणसे वेगवेगळ्या रंगांनी लिहावीत, आई लग्नानंतर किती दूरवरून आली ते नकाशावर दाखवावे. वर्गात पंचवीस नकाशे शेजारी लावले की समाजशास्त्र सुरू झालेले असते. मूल एकट्या आईबरोबर राहत असेल किंवा मामाकडे वाढत असेल, तर त्याचा नकाशाही तितकाच पूर्ण मानला जावा. ‘आदर्श कुटुंबा’च्या ठरावीक चित्राने अशा मुलांना वर्षानुवर्षे अवघडून बसवले आहे.

घरातल्या कामांकडे पाहायला मुलांना शिकवणे हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी 299 मिनिटे त्यात जात होती. पुरुषांपैकी मुळात सुमारे चौथाई जणच घरकामात भाग घेत होते आणि जे घेत होते त्यांची सरासरी 97 मिनिटे होती. हे आकडे पाचवीच्या मुलांना सांगता येतात, पण त्याहून चांगले म्हणजे त्यांनी ते स्वतः काढणे. एका रविवारी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरातले प्रत्येक माणूस कोणत्या वेळी काय करत होते, त्याची नोंद करायची. पाणी भरणे, भांडी, धुणे, दळण आणणे, म्हाताऱ्यांना औषध देणे, गुरांचे शेण काढणे, सगळे. ‘आई काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य अशा नोंदीनंतर वर्गात पुन्हा ऐकू येत नाही. भारतीय दैनंदिन जीवन नावाची जी गोष्ट आहे, ती मुख्यतः या 299 मिनिटांवर उभी आहे आणि भिंतीवरच्या कोणत्याही तक्त्यात ती आलेली नाही.

घराबाहेरच्या कामांत महाराष्ट्राने आपल्या मुलांना ऊसतोडीची ओळख करून द्यायला हवी. दसऱ्यानंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल हंगामभर तोडणी करून फेडायची. दिवस पहाटेच सुरू होतो. एक जण ऊस तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो, मग डोक्यावरून गाडीत भरणी. गाडी कधी येईल त्याचा नेम नसल्याने मध्यरात्रीही उठावे लागते. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. हंगाम चार-सहा महिने चालतो आणि तेवढ्याच काळात शाळेचे जवळजवळ अर्धे वर्ष निघून जाते. काही मुले मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही कारखान्याजवळच्या साखरशाळेत बसतात आणि कित्येक जण कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात. चहात साखर घालणाऱ्या प्रत्येक मुलाला ही माहिती हक्काने मिळाली पाहिजे. कोयत्यावर गेलेल्या कुटुंबाचे मूल वर्गात असेल, तर त्याला या धड्याच्या वेळी सर्वांत जास्त ठाऊक असते. एरवी मागे पडणाऱ्या मुलाला त्या दिवशी शिक्षकाच्या शेजारी उभे राहता येते.

जात हा विषय लहान मुलांसाठी कठीण आहे असे म्हणून बाजूला ठेवला जातो. पण मुलांना तो वर्गाबाहेर लवकर कळतो. कोणाच्या घरी पाणी प्यायचे आणि कोणाच्या नाही, हे पुष्कळ मुलांना शाळेत जायच्या आधी सांगितलेले असते. म्हणून शाळेने हा विषय पाण्यापासूनच घ्यावा. 1868 साली जोतीराव फुले यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. 1923मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत केला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी दलितांना घेऊ दिले जात नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर दगडफेक आणि मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, दावा चालला आणि 1937मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. एखाद्या देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर आणि घाट हे शब्द का यावे लागले, हे मुलांना महाडवरून नेमके कळते. साने गुरुजींनी 1 मे 1947पासून पंढरपूरला विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, हेही याच पाठात यावे. वारीचे वर्णन करायचे आणि मंदिराचे दार स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत कोणासाठी बंद होते ते सांगायचे नाही, असा पाठ अर्धवट राहतो.

साने गुरुजींचे दुसरे काम या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. 1930च्या सत्याग्रहानंतर ते तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांना दक्षिणेतले राजबंदी भेटले, परभाषांतल्या माणसांत राहायला मिळाले आणि आपल्याला शेजाऱ्यांच्या भाषा येत नाहीत याची खंत लागली. तिरुवल्लुवरांच्या ‘तिरुक्कुरळ’चा मराठी अनुवाद त्यांनी केला. प्रांताप्रांतांच्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी राहावे, ही आंतरभारतीची कल्पना त्यातून वाढत गेली आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी ती महाराष्ट्रापुढे मांडली. 1950मध्ये ते गेले. आंतरभारतीच्या नावाने पुढे शाळा आणि संस्था निघाल्या, पण शेजाऱ्याची भाषा शाळेत हौसेने शिकण्याची त्यांची इच्छा मोठ्या प्रमाणावर अपुरीच राहिली.

भाषांची पहिली ओळख करून द्यायला दहा रुपयांची नोट चालते. नोटेच्या मागच्या बाजूला एका चौकटीत पंधरा भाषांत ‘दहा रुपये’ लिहिलेले असते आणि पुढच्या बाजूची हिंदी व इंग्रजी धरली तर एकूण सतरा भाषा होतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आज 22 भाषा आहेत. सुरुवातीला त्या 14 होत्या. 1967मध्ये सिंधी, 1992मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी, आणि 2003च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली त्यात आल्या. चौकटीतली मराठीची ओळ मुले चटकन शोधतात. मग कोकणी, नेपाळी आणि संस्कृतच्या ओळीही आपल्याच लिपीत आहेत हे त्यांच्या ध्यानात येते, आणि बंगाली व असमिया अक्षरे सारखी का दिसतात असा प्रश्न येतो. सध्याच्या मालिकेतल्या नोटांवर मागे चित्रेही आहेत: दहाच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर, वीसच्या नोटेवर वेरूळ, पन्नासच्या नोटेवर हंपीचा रथ, शंभराच्या नोटेवर पाटणची राणी की वाव. त्यांतली पाटणची विहीर मुलांना पाण्याच्या धड्याकडे परत घेऊन जाते.

नोटेवर जागा न मिळालेल्या भाषा मात्र वर्गात असतात. नंदुरबारच्या शाळेत भिली आणि पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी मुले पहिलीत येतात आणि त्यांच्यापुढचे पुस्तक प्रमाण मराठीत असते. त्यांच्यासाठी ते पुस्तक परक्या भाषेतलेच असते. मराठी बोलणारी माणसेही एका साच्यातली नाहीत. रायगडच्या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली ज्यू शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यातले बहुतेक लोक आज इस्रायलमध्ये आहेत आणि जुन्या पिढीच्या घरांत तिथेही मराठी बोलली जाते. तंजावरला मराठी कुटुंबे तीन शतकांहून अधिक काळ नांदत आहेत. मराठी माणूस म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तरसुद्धा एका जोडीच्या चित्रात मावत नाही.

हे सारे लहान मुलांना झेपते का, याचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी प्रत्यक्ष कामातून देऊन ठेवले आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी 1945मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि 1957मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आसपासची वस्ती वारल्यांची होती. मुले शाळेत येत नव्हती, म्हणून बालवाडी त्यांच्या पाड्यावर आणि अंगणात गेली. ती अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. ती कुरणशाळा. महागडी साधने परवडणार नव्हती, तेव्हा पाने, बिया, शंख-शिंपले आणि खडे यांवर मोजणी आणि रंगओळख झाली. भिंतीवर गेरू आणि तांदळाचे पीठ वापरून चित्रे काढणाऱ्या समाजातल्या मुलांना हात वळवायला शिकवावे लागले नाही. मुलाच्या जगण्याला मान देऊन सुरू केलेले शिक्षण टिकते, हे तिथे दिसले. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचे तत्त्व पहिल्या क्रमांकावर ठेवले, तेव्हा बोर्डीला सुरू झालेले हे काम साठ वर्षांचे झाले होते.

महाराष्ट्राच्या तिसरीच्या परिसर अभ्यासात मुलाच्या स्वतःच्या जिल्ह्यापासून सुरुवात करण्याचा प्रयत्न झाला आहे, आणि तो योग्य दिशेचा आहे. पण जिल्ह्याची छापील माहितीसुद्धा शेवटी माहितीच असते. तिला जोड हवी ती मुलांनी स्वतः केलेल्या नोंदींची. प्रत्येक शाळेने एक जाड वही घालावी. गावातले पाणवठे, पिके, बलुत्याचे जुने आणि आताचे धंदे, कामासाठी बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली कुटुंबे, बोलल्या जाणाऱ्या भाषा, सण आणि त्यांच्या तिथी, आजी-आजोबांच्या तोंडून मिळालेला दुष्काळ, हे सर्व मुलांनी आपल्या अक्षरात त्या वहीत लिहावे. दरवर्षीच्या पाचवीने पुढची पाने भरावीत. अशी वही दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या शाळेला पाठवता येते आणि त्यांच्या वहीची वाट पाहता येते. सेलमच्या शाळेतून आलेली वही वाचताना मराठी मुलांना भाषांतरासाठी मोठ्यांची मदत लागेल. ती मदत करू शकणारा तमिळ शेजारी आज महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांत आहे आणि त्याला शाळेत बोलावण्याचे ते चांगले निमित्त आहे. या कामाला वेगळा निधी लागत नाही, शासनाच्या परिपत्रकाचीही गरज नाही. येत्या जूनमध्ये वही घालता येईल.